चेंडूचा टप्पा आणि हलणारे चित्र
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



आपण मला बोलावले, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मी वक्ता नव्हे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या शाळांतून चित्रकला शिकवण्यात माझे आयुष्य गेले. हातात खडू आणि समोर फळा असला म्हणजे मला बोलता येते. नुसत्या ध्वनिक्षेपकासमोर थोडे अडखळायला होते. ते आपण सांभाळून घ्याल, अशी आशा आहे.

मागे एकदा पालकसभेत एका आईने मला विचारले होते, "सर, चित्रां काढके पेट भरता क्या?" सगळे हसले. मी मात्र हसलो नाही, कारण प्रश्न खरा होता. ज्या घरात महिन्याच्या शेवटी दुकानदाराची उधारी आठवते, त्या घरातल्या आईने हा प्रश्न विचारला नाही तरच नवल. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज देण्याचा माझा प्रयत्न आहे. विषय आहे ॲनिमेशन, म्हणजे हलणाऱ्या चित्रांची विद्या. ती कशी सुरू करावी आणि पैसे न घालवता कशी शिकावी, एवढेच मला सांगायचे आहे.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. माझ्या ओळखीतल्या एका वडिलांनी कर्ज काढून आपल्या मुलाला शहरातल्या एका खाजगी क्लासमध्ये ॲनिमेशन शिकायला घातले. क्लासने सांगितले होते, वर्षभरात नोकरी. मुलगा हुशार आणि कष्टाळू होता. वर्षभर संगणकासमोर बसून तो कोणते बटण दाबले की काय होते, ते शिकला. मग कामाच्या मुलाखतीला गेला. तिथल्या माणसाने त्याला कागद-पेन्सिल दिली आणि म्हटले, "एक चेंडू जमिनीवर पडून उसळतो, एवढे दाखवा." मुलाला ते जमले नाही. त्याचा चेंडू धुरासारखा तरंगत खाली आला. क्लासची फी भरून झाली होती. कर्जाचे हप्ते पुढे दोन वर्षे चालू होते.

पालकहो, त्या मुलाला जे वर्षभरात कुणी शिकवले नाही, ते मी आज आपल्याला विनामूल्य सांगणार आहे.

ही विद्या परकी आहे, आपल्यातली नाही, असे पुष्कळांना वाटते. म्हणून दोन शब्द इतिहासाचे. बसऱ्याचे इब्न अल्-हैसम यांनी अकराव्या शतकात 'किताब-अल्-मनाझिर' हा दृष्टी आणि प्रकाश यांवरचा थोर ग्रंथ लिहिला. रंगीबेरंगी भोवरा वेगाने फिरवला तर त्याचे रंग वेगळे न दिसता मिसळून एकच दिसतात, याची चर्चा त्यांनी त्यात केली आहे. वेगाने पालटणाऱ्या गोष्टी आपल्याला वेगवेगळ्या दिसत नाहीत, एकत्र दिसतात. हलत्या चित्राच्या मुळाशी असलेल्या गोष्टींपैकी ही एक. एकामागून एक थोडीथोडी बदलणारी चित्रे भराभर डोळ्यांसमोरून गेली की आपला मेंदू ती जोडून घेतो आणि आपल्याला हालचाल दिसते. सिनेमात एका सेकंदाला २४ चित्रे जातात. हाताने काढणारे बहुधा प्रत्येक चित्र दोनदा दाखवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रांत काम भागते. आजच्या साऱ्या हिशोबासाठी हा १२ चा आकडा लक्षात ठेवा.

आपल्या महाराष्ट्रात या कलेची सुरुवात कुणी केली? दादासाहेब फाळक्यांनी. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला, हे आपण शाळेत वाचतो. पण त्याच्या आधी, १९१२ साली, फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडे थोडे चित्रण केले आणि वेल डोळ्यांदेखत वाढतो आहे असा छोटा चित्रपट केला. तो पाहून पैसे देणाऱ्यांचा त्यांच्यावर विश्वास बसला. पुढे १९१५ च्या सुमारास त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. काडेपेटीतल्या काड्या थोड्या थोड्या सरकवायच्या आणि प्रत्येक वेळी एक चित्र घ्यायचे, एवढीच युक्ती. ना नट, ना नेपथ्य. वाटाण्याचा दाणा आणि काडेपेटी यांवर या देशातल्या ॲनिमेशनचा पाया घातला गेला आहे.

आणि आपल्या समाजाचे म्हणाल, तर कागलचे शेख फत्तेलाल आठवा. बाबूराव पेंटरांच्या हाताखाली ते शिकले. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली, तिच्या संस्थापकांपैकी ते एक. दामल्यांच्या जोडीने त्यांनी दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' १९३६ साली आला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. साहेबमामा म्हणून सारे त्यांना ओळखत. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या एका मुस्लिम चित्रकाराने हे केले. तेव्हा 'हे आपले काम नव्हे' असे कुणी म्हणू नये. प्रभातनेच १९३४ साली 'जंबूकाका' हे कार्टूनही केले होते.

आता कामाला लागू. साहित्य काय लागेल? एक आलेख कागद, एक कोनमापक, पेन्सिल, पाठकोरे कागद आणि कागद आवळायला एक मोठी क्लिप. बस्स.

पहिला धडा चेंडूचा. आलेख कागदावर एक उभी रेषा काढा. खाली जमीन. जमिनीपासून वर अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरची २५ घरे मोजा. चेंडू २५ व्या घरावरून सोडायचा आहे. नवशिका काय करतो? समान अंतरे घेतो : २५, २०, १५, १०, ५, शून्य. पाने भराभर उलटून पाहिली तर चेंडू दोरीने खाली सोडल्यासारखा उतरतो. त्यात जीव नसतो. कारण पडणारी वस्तू क्षणोक्षणी वेग घेत असते. पहिल्या क्षणी ती एक घर उतरली, तर दुसऱ्या क्षणी तीन, तिसऱ्या क्षणी पाच, मग सात, मग नऊ. विषम संख्यांचा हा नियम नववी-दहावीच्या विज्ञानाबाहेरचा नाही. म्हणून आपल्या चेंडूच्या उंच्या अशा येतात : २५, २४, २१, १६, ९ आणि शून्य. ही सहा चित्रे. टेबलाएवढ्या उंचीवरून खराखुरा चेंडू पडायलाही साधारण एवढाच वेळ लागतो, सेकंदाचा बारावा भाग पाच वेळा.

आता उसळी. वर जाताना तोच हिशोब उलटा. आधी मोठी उडी, मग लहान, मग त्याहून लहान. पहिल्या टप्प्यानंतर चेंडू १६ घरे वर जाईल असे धरा. उंच्या : ७, १२, १५, १६, मग १५, १२, ७, शून्य. पुढची उसळी ९ घरांची : ५, ८, ९, ८, ५, शून्य. त्यापुढची ४ घरांची : ३, ४, ३, शून्य. शेवटची एकाच घराची : एक आणि शून्य. सगळी मोजा. सहा, आठ, सहा, चार आणि दोन, मिळून २६ चित्रे होतात. सेकंदाला १२ या हिशोबाने दोन सेकंदांहून किंचित जास्त.

आता एकाच मापाचे २६ कागद कापा. आलेख कागद खिडकीच्या काचेवर चिकटवा, त्यावर एकेक कागद धरा आणि प्रत्येकावर फक्त एक चेंडू त्याच्या जागी उमटवा. कागदांना क्रमांक घाला, एका कडेने क्लिप लावा आणि अंगठ्याने भराभर सोडा. चेंडू पडेल, उसळेल आणि निपचित होईल. घरात मोबाईल असेल तर पुस्तकांच्या चळतीवर तो पक्का बसवून एकेका चित्राचा फोटो घ्या. फोटो जोडून चालवणारी साधने फुकट मिळतात. पण आधी अंगठ्यानेच पाहा. चूक कोणत्या पानावर आहे ते अंगठ्याला लगेच कळते.

विद्यार्थी मित्रहो, यातून दोन गोष्टी शिकलात. किती चित्रांत काम उरकायचे हा झाला वेळेचा हिशोब, आणि त्या चित्रांत किती अंतर ठेवायचे हा अंतराचा. हे दोन हिशोब वेगळे आहेत. त्या मुलाला मुलाखतीत नेमका हाच फरक ठाऊक नव्हता.

हाच चेंडू आता बदलून पाहा. जमिनीला टेकण्याच्या आधीच्या चित्रात त्याला थोडा लांबट करा आणि टेकताना चपटा करा. रबरी वाटेल. मात्र चपटा करताना रुंदी वाढवलीच पाहिजे, नाहीतर चेंडूतले रबर कुठे गेले? आकार बदलतो, ऐवज तेवढाच राहतो. मग लोखंडी गोळा काढा. तो चपटा होत नाही, एकदाच जेमतेम उसळतो आणि थांबतो. मग फुगा काढा. वर्तुळ तेच, पण वजन तीन प्रकारचे. वजन चित्रात नसते, ते हालचालीत असते. हे एकदा हाताला कळले की निम्मे ॲनिमेशन आले.

दुसरा धडा झोक्याचा. एक मीटर दोऱ्याला दगड बांधून टांगा. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला जवळजवळ बरोबर एक सेकंद घेतो. म्हणजे आपली १२ चित्रे. कोनमापक घ्या, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ३० अंश धरा. एका टोकापासून निघताना अंतरे अशी ठेवा : १, ३, ५, ६, ७, ८ अंश, मध्य ओलांडला की ८, ७, ६, ५, ३, १. बेरीज करा, बरोबर ६० येते. टोकाशी सावकाश, मध्ये वेगाने. जगातली बहुतेक हालचाल अशीच असते. ती हळू सुरू होते आणि हळू थांबते. शिवाय दगडाचा मार्ग सरळ रेषेत नाही, कमानीत आहे. चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्कीचे पाते पाहा, ऊस तोडणाऱ्याचा कोयता पाहा. हाताची, मानेची, डोळ्यांची हालचालही कमानीत होते.

तिसरा धडा मागे राहणाऱ्या गोष्टींचा. साखर कारखान्याकडे निघालेली उसाची बैलगाडी थांबते. बैल थांबले, गाडी थांबली, पण उसाचे शेंडे? ते पुढे झुकतात, मागे येतात, पुन्हा थोडे झुकतात आणि मग शांत होतात. सायकलवरची मुलगी ब्रेक लावते, तिची ओढणी नंतर थांबते. मिरजेच्या सतारमेकरांच्या दुकानात जाऊन बसा. तार छेडली की बोट निघून जाते, तार थरथरत राहते आणि तिचा थरार हळूहळू मावळतो. तंतुवाद्यांची ही कारागिरी आपल्याच समाजातल्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली, आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. आता सराव असा : दोऱ्याला बांधलेल्या दगडाखाली एक कागदी शेपटी काढा. दगड उजवीकडे निघाला की शेपटी डावीकडे ओढली जाते. दगड टोकाला थांबला की शेपटी पुढे जाते. शेपटी प्रत्येक चित्रात किंचित उशिरा पोचली पाहिजे.

चौथा धडा तयारीचा. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक आणले. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत कुस्ती पाहिली नाही असा माणूस विरळा. पैलवान पट काढण्यापूर्वी काय करतो? आधी दबतो. उडी मारणारा आधी गुडघे वाकवतो. दगड फेकणारा हात आधी मागे नेतो. ही तयारी दाखवली नाही तर पुढची हालचाल पाहणाऱ्याला कळतच नाही. यासाठी जगभर एक जुना सराव दिला जातो : पिठाची अर्धी भरलेली पिशवी. तिला डोळे नाहीत, तोंड नाही. फक्त चार कोपरे आहेत. तिला उडी मारायला लावा. आधी दबेल, मग ताणली जाऊन वर जाईल, उतरताना पीठ खाली बसेल. मग तिला दमलेली दाखवा, आनंदी दाखवा, रुसलेली दाखवा. ज्याने पिठाच्या पिशवीचा रुसवा काढला, त्याला पुढे काहीही काढता येईल.

डिस्नेच्या स्टुडिओतले दोन जुने चित्रकार, फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन, यांनी १९८१ साली एक मोठा ग्रंथ लिहून या विद्येची बारा तत्त्वे मांडली. त्यांपैकी वेळ, दाबणे-ताणणे, हळू सुरुवात-हळू शेवट, कमानी, मागून येणारी हालचाल आणि तयारी ही सहा तर तुम्ही या चार धड्यांतच शिकलात. उरलेली अभिनय, मांडणी, रेखांकन यांसंबंधी आहेत. ती पुढे येतील.

आता एका नाजूक गोष्टीकडे वळतो. काही पालक मला बाजूला घेऊन विचारतात, "सर, सजीवांची चित्रे काढणे आपल्याला चालते का?" मी चित्रकलेचा शिक्षक आहे, आलिम नाही. या प्रश्नावर उलेमांची मते वेगवेगळी आहेत, आणि ज्याने त्याने आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारून आपल्या मनाचे समाधान करून घ्यावे. मी एवढेच सांगतो. हजरत इब्न अब्बास (रजि.) यांनी एका चित्रकाराला झाडांची आणि निर्जीव वस्तूंची चित्रे काढण्याचा सल्ला दिल्याचे हदीसमध्ये येते. आपण आज जे चार धडे पाहिले, त्यांत काय होते? चेंडू, दगड, दोरा, ऊस, पिशवी. एकही चेहरा नव्हता. म्हणजे पहिले वर्षभर जे शिकायचे, त्यात हा प्रश्न उद्‌भवतच नाही. पुढेही यंत्रे, नकाशे, विज्ञानातल्या क्रिया, अक्षरे हलवण्याचे मोठे क्षेत्र आहे. आपली खत्ताती घ्या. 'अलिफ' बोरूने कसा उतरतो, 'नून' ची कमान कशी भरते, हे एकेका चित्राने दाखवले तर लहान मुलांना अक्षर वळवायला शिकवण्याचे किती सुंदर साधन होईल! जर्मनीच्या लोटे रायनिगर या बाईंनी १९२६ साली अरबी रात्रींच्या कथांवर 'प्रिन्स अहमद' हा तासाभराचा चित्रपट केला, तो नुसत्या कातरलेल्या काळ्या सावल्यांचा. कात्री आणि कागद, एवढ्यावर.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येतो. पोट भरते का?

खरे सांगायचे तर, सगळ्यांचे भरत नाही. फसवी आशा मी दाखवणार नाही. आता संगणक सांगितल्याबरोबर चित्रे काढून देऊ लागला आहे. नुसती बटणे दाबण्याच्या कामाला पूर्वीसारखा भाव राहणार नाही. पण संगणकाने काढलेली हालचाल खरी की खोटी, वजनदार की पोकळ, हे पाहणारा डोळा लागतोच, आणि तो डोळा चेंडूच्या २६ चित्रांतून तयार होतो. शिक्षण, जाहिरात, सिनेमा, खेळ, वैद्यक, यंत्रशास्त्र अशा अनेक ठिकाणी हे काम आहे. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनने १९५६ साली कार्टून विभाग काढला, तेव्हा डिस्नेकडून आलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली आपली पहिली मंडळी शिकली. राम मोहन त्यांतलेच. त्यांच्यापुढे वाट नव्हती. त्यांनी ती केली. पालकांपैकी अनेकांना दूरदर्शनवरचे 'एक अनेक और एकता' आठवत असेल. विजया मुळे यांनी १९७४ साली केलेला तो छोटा चित्रपट एका पिढीला एकी शिकवून गेला. साध्या चित्रांत एवढी ताकद असते.

ज्यांची मुले खरोखर पुढे जाऊ इच्छितात, त्यांनी नववीपर्यंत शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा द्याव्यात. बारावीनंतर, कोणत्याही शाखेतून, आय.आय.टी. मुंबईच्या आय.डी.सी. विभागासाठी 'यूसीड' ही प्रवेशपरीक्षा देता येते, अहमदाबादच्या एन.आय.डी. ची स्वतंत्र परीक्षा असते. स्पर्धा कठीण आहे, पण दार उघडे आहे, आणि तिथे चित्र काढता येते की नाही हे पाहतात, वडिलांचा व्यवसाय पाहत नाहीत. मुलींच्या बाबतीत तर माझी हात जोडून विनंती आहे. मेंदी काढणाऱ्या आपल्या मुलींच्या हातातली रेघ मी पाहिली आहे. तशी रेघ वर्षानुवर्षे घासूनही पुष्कळांना येत नाही. ती लग्नाच्या आदल्या रात्रीपुरतीच राहू देऊ नका.

आणि कुठल्याही क्लासला पैसे देण्यापूर्वी एक अट घाला. आधी घरी हे चार धडे मुलाने पुरे करावेत. २६ चित्रे काढून जो कंटाळला, त्याला हा मार्ग नको. आपले पैसे वाचले. जो सत्ताविसावे चित्र काढायला बसला, त्याच्यासाठी जरूर धडपड करा. आणि क्लासवाल्याला विचारा, "तुम्ही पहिल्या महिन्यात चेंडू शिकवता का?" त्याच्या उत्तरावरून आपल्याला पुष्कळ कळेल.

ज्या मुलाची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली, तो घरी परतल्यावर काही दिवस कुणाशी बोलेना. मग एके दिवशी माझ्याकडे आला. मी त्याला आलेख कागद दिला. तीन महिने तो चेंडू आणि पिशव्या काढत होता. पहिल्यांदा चेंडू बरोबर उसळला तेव्हा त्याने वही वडिलांच्या हातात दिली. वडील रंगारी आहेत. त्यांनी दोनदा, तीनदा पाने सोडून पाहिली आणि म्हणाले, "ये सच्ची गिरता है रे." आज तो लहानमोठी कामे करतो. अजून मोठे नाव झालेले नाही, पण घरचा हप्ता तोच भरत होता, आणि तो आता फिटला आहे.

त्या आईला माझे उत्तर एवढेच आहे : चित्राने पोट भरेलच असे नाही, पण नीट पाहायला शिकलेला मुलगा उपाशी राहत नाही.

 अल्लाह आपल्या मुलामुलींना नफा देणारे इल्म देवो, आणि ते मिळवण्याचा धीरही देवो. आमीन.

खुदा हाफिज.